डांगरी, डंगरी आणि डोंगरी

प्रश्न : सुनेनं नातीसाठी हिंदमात्याहून निळ्या जाड कापडाचा, खांद्यावर पट्टे आणि छातीवर मोठा खिसा असलेला ड्रेस आणला. म्हणाली, "आई, ही डंगरी." आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "डंगरी नाही गं, डांगरी. तीस वर्षं अंगात घातलीय मी." मुलाचं म्हणणं, शब्द इंग्रजी आहे, कसाही म्हणा. आणि शेजारीण सांगते की तो आपल्या डोंगरीवरून इंग्रजीत गेला, तिला मोबाइलवर आलंय. यातलं खरं कोणाचं?
— एक आजी, मुलुंड

उत्तर : तुमच्या घरात, शेजारीण धरून, चौघंही बरोबर आहेत. या सदरात असं क्वचितच होतं. एरवी मला कोणाला तरी नाराज करावंच लागतं.

उत्तराआधी माझी एक जुनी चूक कबूल करते, कारण हा शब्द मला त्या चुकीमुळेच भेटला. १९७९ साली मी परळच्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवायला लागले. वर्गात पंचवीस-तीस माणसं, बहुतेक गिरणीतली, पहिली पाळी करून, घरी जाऊन तोंड धुऊन आलेली. मी तेवीस वर्षांची, ते सगळे माझ्याहून मोठे, आणि तरी मला 'बाई' म्हणायचे. एकदा बॉयलरवर काम करणाऱ्या एकानं विचारलं, "बाई, डांगरीला इंग्रजीत काय लिहायचं?" त्याला स्टोअरकडे दुसऱ्या जोडासाठी अर्ज करायचा होता. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'ओव्हरऑल' लिहिलं आणि वर ऐकवलं, "डांगरी हा अशुद्ध शब्द आहे. अर्जात असले शब्द लिहायचे नाहीत."

दोन दिवसांनी तो अर्ज घेऊन आला. स्टोअरच्या कारकुनाला 'ओव्हरऑल' काही कळलं नव्हतं. त्यानं माझ्या शब्दावर लाल रेघ मारून शेजारी इंग्रजीत 'डंगरी' लिहिलं होतं, आणि जोड मंजूर केला होता. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, उद्या सांगते. घरी येऊन खिशातला शब्दकोश उघडला तर शब्द तिथे होता, चांगला राजरोस इंग्रजी शब्द म्हणून, आणि समोर लिहिलं होतं : जाड सुती कापड, हिंदीवरून.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणानं. माझे वडील गिरणीत फिटर. त्यांची डांगरी आई दर रविवारी मोरीत वॉशिंग सोडा घालून, कढत पाण्यात बुडवून, धोक्यानं, म्हणजे लाकडी धोपाटण्यानं, बडवायची. तेलाचे डाग जायचे नाहीत, नुसते फिके व्हायचे. चाळीच्या गॅलरीत ती वाळत घातली की बिनडोक्याचा माणूस लोंबकळतोय असं वाटे. आम्ही मुलं संध्याकाळी तिच्याखालून पळत जायचो. हा शब्द माझ्या घरातला होता आणि मीच त्याला अशुद्ध ठरवून मोकळी झाले होते.

तर चौकशी. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन ब्रिटिशांनी केलेला, हिंदुस्थानातल्या साहेबलोकांच्या बोलीचा एक जाडजूड कोश १८८६ साली छापून आला, त्याचं नाव हॉब्सन-जॉब्सन. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन! या हुसैन!' असा आक्रोश चालतो. तो गोऱ्या शिपायांच्या कानांतून शिरून तोंडातून बाहेर पडेपर्यंत 'हॉब्सन-जॉब्सन' झाला होता. कोशकारांनी गमतीनं तेच नाव कोशाला दिलं. (मुंबईत हा आक्रोश ऐकायचा तर आजही डोंगरी-भेंडीबाजाराकडेच जावं लागतं, हा योगायोग मला फार आवडतो.) या कोशात आपल्या शब्दाची नोंद आहे. अर्थ दिलाय : जाडंभरडं, हलक्या प्रतीचं सुती कापड. पण मूळ सांगायची वेळ आली तेव्हा या दोन महापंडितांनी हात वर केले. लिहिलंय की आम्हाला ठाऊक असलेल्या कुठल्याही कोशात हा शब्द नाही.

पुढे १९०३ मध्ये विल्यम क्रुक नावाच्या गृहस्थांनी या कोशाची वाढवलेली आवृत्ती काढली. स्वतःची भर ते चौकटी कंसात घालत. इथल्या कंसात त्यांनी बोट दाखवलं ते मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाकडे.

मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन मोल्सवर्थ मागितला. १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची दुसरी. हातात धरायला नव्हे, टेबलावर ठेवून वाचायचं पुस्तक. 'डों'वर बोट ठेवलं आणि सापडलं : 'डोंगरी कापड'. खालच्या इंग्रजी अर्थाचं मराठी असं होईल : मुळात मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या, म्हणजे फोर्ट जॉर्जलगतच्या वस्तीत विकल्या जाणाऱ्या साध्या देशी कापडाला म्हणत, आता कुठल्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला म्हणतात.

म्हणजे यूल आणि बर्नेल 'कुठल्याच कोशात नाही' असं लिहीत होते, तेव्हा तो शब्द निदान २९ वर्षं मराठी कोशात बसून होता. ते बहुधा 'डु'मध्ये शोधत राहिले आणि तो होता 'डो'मध्ये. मला त्या दुपारी ग्रंथालयात एकटीला हसू आलं. समोर स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यास करत होती, त्यांनी माना वर करून पाहिलं.

शेजारणीचा मोबाइल इथवर बरोबर. पण इथेच थांबावं इतकं हे सरळ नाही, आणि आलेला मेसेज इथेच थांबला असणार याची मला खात्री आहे.

इंग्रजीत हा शब्द पहिल्यांदा दिसतो तो १६१० च्या दशकात, 'डोंगरिजिन्स' अशा काहीशा वेड्यावाकड्या स्पेलिंगात. तेव्हा मुंबईत इंग्रज होते कुठे? १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ही बेटं दुसऱ्या चार्ल्सला मिळाली आणि १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. फोर्ट जॉर्ज तर त्याहून नंतरचा. ज्या टेकडीवर डोंगरीचा जुना किल्ला होता ती इंग्रजांनी १७६९ मध्ये खोदून सपाट केली, कारण शत्रूनं तिथे तोफा चढवल्या असत्या तर मुख्य किल्ला थेट माऱ्यात आला असता. मग त्या भागात फोर्ट जॉर्ज बांधला. आज सीएसएमटीच्या मागे सेंट जॉर्ज रुग्णालय आहे ना, त्याच्या आवारात त्या किल्ल्याच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. आजची डोंगरी तिथून उत्तरेला, मशीद बंदरच्या पलीकडे. डोंगर शोधायला गेलात तर सापडणार नाही.

तेव्हा हे नाव कापडाला इंग्रजांनी दिलेलं नाही. ते आले तेव्हा गठ्ठे बांधलेले होते आणि गठ्ठ्यांना नाव होतं. आणखी एक गाठ आहे. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईला आला. या किनाऱ्यावरच्या कुठल्या बंदरात काय मिळतं त्याची यादी त्यानं दिली, त्यात डंगरी कुठली सांगितली? कारवारची. डंगरी आणि सगळ्यात वजनदार मिरी, दोन्ही कारवारहून. डंगरीसाठी मुंबईचं नाव त्यानं घेतलेलं नाही.

माझ्या एका विद्वान मित्रानं यावरून लगेच निकाल दिला, "मग डोंगरीचा संबंधच नाही." मी त्यांना विचारलं, "वहिनींची पैठणी कुठून आणलीत?" म्हणाले, येवल्याहून. मग? पैठणी येवल्यात विणली म्हणून ती येवली होत नाही. आपल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही : इरकल, नारायणपेठ, चंदेरी, महेश्वरी, सगळी गावांची नावं, आणि आज दादरच्या दुकानात त्या नावाखाली मिळणारी साडी त्या गावची असेलच असं कोणी शपथेवर सांगणार नाही. गावाचं नाव आधी गठ्ठ्याला चिकटतं, मग पोताला. एकदा पोताला चिकटलं की गाव सुटतं. साहेबाच्या देशातही हेच. डेनिम म्हणजे फ्रान्समधल्या नीम गावचं, 'द नीम'. जीन्स म्हणजे इटलीतल्या जिनोव्हाचं. कॅलिको म्हणजे आपल्या कालिकतचं. फ्रायर आला तोवर 'डंगरी' हे पोताचं नाव झालेलं असणार आणि कारवारचे व्यापारी ते खुशाल वापरत असणार.

मोठे इंग्रजी कोश आजही हातचं राखून लिहितात : हिंदी 'डुंगरी'वरून, मुंबईतल्या एका गावाच्या नावावरून असं म्हणतात. 'असं म्हणतात' हे शब्द त्यांनी जपून ठेवलेत आणि ते योग्यच आहे. माझा कौल मात्र मोल्सवर्थला. तो लंडनमध्ये बसून अंदाज बांधत नव्हता; इथल्या पंडितांना हाताशी धरून, लोक काय बोलतात ते उतरवून घेत होता, आणि त्याला किल्ल्यासकट पत्ता मिळाला होता. (भाईंदरकडच्या वाचकांचं पत्र येण्याआधीच सांगते : उत्तनजवळही एक डोंगरी आहे, मला माहीत आहे. पण मोल्सवर्थनं 'फोर्ट जॉर्ज' लिहून ठेवलंय. तुमचा दावा फेटाळला.)

पुढची कथा खलाशांची. हे कापड स्वस्त, दणकट आणि कशाचीही तमा न बाळगणारं. तंबूंना चाले, जहाजावर घालायच्या कपड्यांना चाले. लॉर्ड एल्गिनच्या चीन-जपान मोहिमेचा वृत्तांत १८५९ मध्ये छापला गेला, त्यात एक मजेशीर गोष्ट आहे. किनाऱ्यावर खऱ्या तोफखान्यांच्या जोडीला खोटे तोफखानेही लांबच लांब उभे केलेले असत, जाड कापड ताणून त्यावर रंगानं चितारलेले. इंग्रज खलाशी त्यांना म्हणत 'डंगरी किल्ले'. बिचाऱ्यांना कुठे ठाऊक, की डंगरीच्या नावात आधीच एक किल्ला आहे, दगडाचा! आणि तो दगडी किल्लाही फार दिवस राहिला नाही. १८६२ मध्ये बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्याच सुमारास तटबंदी पाडायला सुरुवात झाली, त्यात फोर्ट जॉर्जही गेला.

या फ्रियरसाहेबांची मुलगी मेरी. तिनं आपल्या आयेकडून ऐकलेल्या गोष्टी १८६८ मध्ये छापल्या. त्या पुस्तकात ॲना नावाची ती आया स्वतःविषयीही बोलते, आणि म्हातारी माणसं बोलतात तशी भावाबद्दल बोलते : आज ज्या डंगरीला वाराला अर्धा रुपया मोजता, ती आमच्या वेळी रुपयाला वीस ते चाळीस वार मिळायची. हिशेब केला तर दहा ते वीस पट महाग. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीत तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि मुंबईत कापसाचं सोनं झालं. त्याच पैशाच्या धुंदीत इथे शेअरचं पहिलं वेड आलं आणि ६५ साली फुटलं. ते शेटजींचं दुःख सगळ्या इतिहासात आहे. अंगावर डंगरी घालणाऱ्यांचं दुःख मला एवढ्या एका वाक्यात सापडलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाचं नाव कपड्याला लागलं, आणि ट्राउझर्ससारखं ते इंग्रजीत कायमचं अनेकवचनी झालं : डंगरीज. अमेरिकेत जुनी माणसं साध्या निळ्या जीन्सना डंगरीज म्हणतात. इंग्लंडमध्ये डंगरीज म्हणजे छातीपर्यंत येणारी, पट्ट्यांची, तुमच्या नातीसारखी. आपल्याकडे कारखान्यांत, रेल्वेत आणि लष्करात रणगाड्यावरच्या जवानांच्या अंगात ती आली अख्खा पोशाख होऊन, आणि साहेबाच्या तोंडचा 'डं' आपल्या लोकांनी ऐसपैस 'डां' करून घेतला. तेव्हा यजमानांना सांगा, डांगरी हा कामावरचा शब्द आहे आणि बरोबर आहे. सूनबाईंना सांगा, दुकानातला डंगरी बरोबर. चिरंजीवांना सांगा, इंग्रजी आहेच, चारशे वर्षांपासून.

गेल्या डिसेंबरात सँडहर्स्ट रोडला उतरून मी डोंगरीत हिंडले. चार नळापाशी एका जुन्या शिंप्याच्या टपरीवर विचारलं, "डंगरी शिवून मिळेल का?" त्यानं मशीन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, वो इधर नहीं मिलता. क्रॉफर्ड मार्केट जाओ, रेडीमेड मिलेगा."

प्रश्न : फोर्टमधल्या एका हेरिटेज वॉकमध्ये आमच्या गाइडनं सांगितलं की 'पॉश' हा शब्द मुंबईच्या बोटींमुळे जन्मला. श्रीमंत प्रवासी येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची केबिन घेत, ऊन लागू नये म्हणून. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यांची आद्याक्षरं तिकिटावर छापत, त्याचा पॉश झाला. छान वाटलं. खरं आहे ना?
— एक प्रवासी, बोरिवली

उत्तर : नाही. आणि छान वाटलं इथेच तुम्हाला शंका यायला हवी होती.

उन्हाचा भाग तसा पटण्याजोगा आहे. विलायतेहून अरबी समुद्रातून पूर्वेकडे येताना बोटीची डावी बाजू उत्तरेला राहते, म्हणजे सावलीला. परतताना उलट. वातानुकूलन नसलेल्या काळात तांबड्या समुद्रातून जाणं म्हणजे भट्टीतून जाणं, त्यामुळे केबिनची बाजू लोक बघत असणार. अहो, आपण लोकलमध्ये बघत नाही? मी पंचवीस वर्षं डोंबिवलीहून परळला जाऊन-येऊन केलं. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून, संध्याकाळी उत्तरेकडे परतताना तेही डावीकडून; तोंड गाडीच्या दिशेला असेल तर दोन्ही वेळा उजवीकडची खिडकी. बायकांच्या डब्यात हे शास्त्र सगळ्यांना पाठ, फक्त खिडकी मिळत नाही.

पण तिकिटाचा भाग? या कथेत नाव घेतात ते पी अँड ओ या बोट कंपनीचं. त्या अक्षरांचं एकही तिकीट आजवर कोणाला दाखवता आलेलं नाही. ना कंपनीच्या दप्तरात, ना कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत. लोक तर बसची तिकिटंसुद्धा जपून ठेवतात. दुसरं म्हणजे, शब्द पहिल्या महायुद्धाच्या काळात आजच्या अर्थानं छापलेला सापडतो आणि बोटीची कथा छापून येते ती १९३५ च्या सुमारास. बाळाचं बारसं झाल्यावर वीस वर्षांनी कोणी आत्या येऊन 'नाव मी सुचवलं होतं' म्हणाली, तर आपण विश्वास ठेवू का? तिसरं, १८९० च्या सुमाराच्या चोरबोलीच्या कोशात 'पॉश' आधीच आहे : एक अर्थ पैसा, मुळात अर्धी पेनी, दुसरा अर्थ छानछोकी करणारा माणूस.

अर्धी पेनी का? कारण रोमानी लोकांच्या भाषेत 'पॉश' म्हणजे अर्धं. अर्ध्या पेनीवरून पैसा, पैशावरून पैसेवाला, पैसेवाल्यावरून त्याची ऐट, हा मार्ग बऱ्याच अभ्यासकांना सगळ्यात बरा वाटतो, मलाही. आणि रोमानी ही तर मुळात आपल्याकडून, हजारेक वर्षांपूर्वी चालत गेलेल्या माणसांची भाषा, हिंदी-मराठीच्याच घराण्यातली. तेव्हा तुमच्या गाइडला एवढंच सांगा, की शब्द इथून गेला असेलही, पण बोटीच्या पहिल्या वर्गातून नाही. पायी. आणि आता 'पॉश एरिया'तल्या अर्ध्या खोलीचा भाव विचारून बघा.

प्रश्न : माझा नातू लंडनला शिकतो. त्याचा मित्र कोणाबद्दल तरी 'डूलाली झालाय' म्हणाला. नातू म्हणतो, आजोबा, हे आपलं देवळाली. माझा विश्वास बसत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : बसू द्या. नातू हुशार आहे.

नाशिकजवळची देवळाली छावणी, १८६१ पासूनची. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे मुंबईच्या बोटीची वाट बघत बसवले जात. सैनिकांच्या बोटी सुटत त्या साधारण हिवाळ्याच्या महिन्यांत. ज्याची मुदत मार्च-एप्रिलमध्ये संपली त्यानं उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढायचा. काम नाही, कवायत नाही, घर समोर दिसतंय आणि जाता येत नाही. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्याला ते म्हणत 'डूलाली टॅप'. हा टॅप नळाचा नव्हे. आपला ताप! देवळालीचा ताप. ताप पुढे उतरला आणि नुसतं डूलाली राहिलं. आजच्या लंडनच्या पोराला त्यात छावणी दिसत नाही, मलेरिया दिसत नाही, घाटावरून तीन तासांवर असलेलं मुंबईचं बंदरही दिसत नाही.

देवळालीला माझी मावशी राहायची. तिच्याकडे आठ दिवसांच्या वर राहिलं की मलाही तो ताप चढायचा, हे तिला कधी सांगितलं नाही.

प्रश्न : जाहिरातींत 'रो-बंगलो' लिहितात. आपला 'बंगला' असताना हे थेर कशाला?
— एक वैतागलेला वाचक, पनवेल

उत्तर : कारण बिल्डरला 'ओ'चे चौरस फुटाला जास्त पैसे मिळतात. बंगला म्हणजे बंगाली पद्धतीचं बैठं, एकमजली घर. साहेबानं ते नाव उचलून 'बंगलो' केलं, आणि आपण ते परत आणून तीन मजली घरांच्या रांगेला लावलं. चिठ्ठीची 'चिट' झाली आणि परीक्षेला परत आली, तसंच. तुमचा वैताग मला मान्य आहे. तो पनवेलच्या नाक्यावरच्या फलकांवर जाऊन काढा.

जाता जाता मुलुंडच्या आजींना एक विनंती. माझ्या वडिलांची डांगरी शर्ट आणि पँट अशी दोन तुकड्यांची होती, बटणं पितळेची. ती धुताना आई बटणं आत दुमडून घ्यायची, धोक्याखाली फुटू नयेत म्हणून. तुमच्या यजमानांची अखंड होती की दोन तुकड्यांची, ते त्यांना विचारून कळवाल का? आणि बटणं कसली होती, तेही.